खेळता खेळता तोल सांभाळूया : घरातल्या ज्येष्ठांचं पडणं टाळण्यासाठी एक पाठ



या महिन्याच्या आरोग्य पाठाची सुरुवात एका प्रश्नाने करूया. गेल्या वर्षभरात तुमच्या घरातलं साठीच्या पुढचं कुणी पडलं का? सासू, सासरे, आई, वडील, चुलत सासू, कुणीही. मोरीत पाय घसरून, उंबऱ्याला ठेच लागून, रात्री लघवीला उठताना, गोठ्यात दाव्यात पाय अडकून. पडणं म्हणजे हाड मोडणंच असं नाही. भिंतीला धरून घसरत खाली बसले, तेही पडणंच. बैठकीत हा प्रश्न विचारा आणि हात वर करायला सांगा. किती हात वर होतात ते मोजा आणि आकडा वहीत लिहून ठेवा. पाठाच्या शेवटी त्याचा उपयोग आहे.

या पाठातून काय शिकायचं

१. माणसाचा तोल कशावर चालतो ते समजून घ्यायचं.
२. परदेशात ज्येष्ठांचं पडणं कमी करायला व्हिडिओ गेम कसा वापरला, त्यातून आपण काय घ्यायचं ते बघायचं.
३. अंगणात खडूने चौकट आखून तसाच पावलांचा खेळ खेळायला शिकायचं.

वेळ : पाऊण तास. साहित्य : खडू, मजबूत खुर्ची, सेकंद दाखवणारा मोबाईल, वही-पेन.

पडण्याची किंमत कोण देतं?

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडल्यामुळे दगावतात. अपघाती मृत्यूंमध्ये रस्त्यावरच्या अपघातांनंतर पडण्याचाच नंबर लागतो. यात साठीच्या पुढची माणसं सगळ्यात जास्त आहेत.

बायकांनी तर हे जास्तच मनावर घ्यायला हवं. पाळी गेल्यावर बाईची हाडं झपाट्याने विरळ होत जातात. मग साध्या पडण्यानेही खुबा मोडतो, मनगट मोडतं. खुबा मोडला की बहुतेक वेळा ऑपरेशन लागतं. ते वेळेत झालं नाही आणि माणूस अंथरुणाला खिळलं, तर पाठीला जखमा होतात, छातीत कफ साठतो, पायात रक्ताच्या गाठी होतात.

आणि घरचं गणित? ऑपरेशनला पैसे, गाडीभाडं, मुलाची बुडालेली मजुरी. सूनबाईचं तर सगळंच अडतं. शेतात जाणं बंद, गटाच्या बैठकीला येणं बंद, शिलाई मशीन बंद. गटाकडे आलेले दवाखान्याच्या कर्जाचे अर्ज काढून बघा, त्यातले किती पडण्यामुळे होते ते कळेल.

अजून एक गोष्ट घडते, ती वहीत कुठेच येत नाही. एकदा पडलेलं माणूस घाबरतं. "पुन्हा पडले तर?" या भीतीने म्हातारी देवळात जाणं सोडते, शेजारी बसायला जाणं सोडते. चालणं कमी झालं की पायातली ताकद जाते, ताकद गेली की तोल जातो, आणि पुन्हा पडायचा धोका वाढतो. बऱ्याच जणी तर पडल्याचं सांगतही नाहीत. सांगितलं तर घरचे म्हणतील, "आता तुम्ही एका जागी बसा." ते बसणं त्यांना नको असतं, आणि त्यात त्यांचं चुकीचं काहीच नाही.

"वय झालं, आता पडायचंच" असं आपण सहज बोलून जातो. पण ते खरं नाही. तोल वापरात ठेवला तर टिकतो, आणि सत्तरीतसुद्धा सुधारता येतो.

तोल कशावर चालतो?

आता सगळ्या जणी उभ्या राहा. भिंतीजवळ या आणि एक हात भिंतीला टेकवा. एक पाय उचला, दहापर्यंत मोजा. जमलं? आता तसंच, पण डोळे मिटून. हात भिंतीवरच असू द्या. लगेच डुलायला झालं ना?

डोळे मिटल्यावर असं का होतं? आपला तोल तीन ठिकाणच्या बातमीवर चालतो. डोळे सांगतात समोर काय आहे. कानाच्या आतला भाग सांगतो डोकं कुठे कललंय. पायाचे तळवे आणि सांधे सांगतात जमीन कशी आहे. मेंदू या तिन्ही बातम्या एकत्र करतो आणि पायांना हुकूम देतो. तुम्ही डोळे मिटलेत म्हणजे एक बातमी बंद केलीत.

वय वाढलं की या तिन्ही बातम्या हळूहळू अंधुक होतात. मोतीबिंदू होतो. मधुमेह असेल तर तळव्यांना बधिरपणा येतो. मांड्यांची ताकद कमी होते. आणि मेंदूचा हुकूम पायापर्यंत पोचायला थोडा उशीर लागतो.

हा थोडासा उशीरच घात करतो. ठेच आपल्यालाही लागते. पण आपण पटकन दुसरं पाऊल पुढे टाकतो आणि सावरतो. म्हाताऱ्या माणसाला ठेच लागते तेव्हा ते सावरायचं पाऊल उशिरा पडतं किंवा आखूड पडतं. म्हणून पटकन आणि योग्य जागी पाऊल टाकण्याचा सराव फार महत्त्वाचा आहे.

दुसरी अडचण असते लक्षाची. १९९७ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी एक साधी गोष्ट नोंदवली. जी वयस्क माणसं चालताना कुणी बोललं की थांबतात, थांबल्याशिवाय बोलूच शकत नाहीत, ती पुढच्या काळात जास्त पडतात. म्हणजे त्यांचं सगळं लक्ष चालण्यातच खर्च होत असतं. आपल्या घरात तर एकाच वेळी दहा गोष्टी चालू असतात. नातू हाक मारतो, कोंबडी पायात येते, गॅसवर दूध ठेवलेलं असतं. लक्ष तिकडे गेलं की पाय चुकतो.

म्हणजे सराव दोन्हीचा हवा, पायाचा आणि लक्षाचा. तोही दोन्ही एकाच वेळी करत.

व्हिडिओ गेम इथे कुठून आला?

व्हिडिओ गेम म्हटलं की आपल्यासमोर मोबाईलवर मान घालून बसलेला नातूच येतो. पण काही खेळ अंगठ्याने खेळायचे नसून पूर्ण अंगाने खेळायचे असतात. १९९८ साली जपानच्या कोनामी कंपनीने एक नाचाचा खेळ काढला. पडद्यावर बाण दिसतो, आणि खाली ठेवलेल्या पाटावरच्या त्याच बाणावर गाण्याच्या ठेक्यात पाय ठेवायचा. पुढे २००७ साली निन्टेन्डो कंपनीने वजनकाट्यासारखी दिसणारी एक फळी आणली. तिच्या चारही कोपऱ्यांत वजन मोजणारं यंत्र असतं. तुम्ही उजवीकडे झुकलात की पडद्यावरचं चित्रही उजवीकडे झुकतं. पोरांसाठी काढलेले हे खेळ फिजिओथेरपिस्टच्या नजरेत भरले. म्हाताऱ्या माणसांना "व्यायाम करा" म्हटलं की कंटाळा येतो, पण खेळात गुण वाढायला लागले की ती स्वतःहून उभी राहतात.

त्यावर बरेच छोटे अभ्यास झाले. तोल सुधारतो असं अनेकांत दिसलं. पण पडणं खरंच कमी होतं का? हे कळायला पुष्कळ माणसं लागतात आणि वर्षभर नोंद ठेवावी लागते.

असा मोठा अभ्यास ऑस्ट्रेलियातल्या सिडनी शहरात झाला. न्यूरोसायन्स रिसर्च ऑस्ट्रेलिया या संस्थेच्या संशोधकांनी तो केला आणि २०२४ साली 'नेचर मेडिसिन' या वैद्यकीय मासिकात छापला. त्यात ६५ वर्षांच्या पुढची, स्वतःच्या घरी राहणारी ७६९ माणसं होती. त्यांचे तीन गट केले.

पहिल्या गटाला घरी एक मॅट दिली. पडद्यावर दिसेल त्याप्रमाणे मॅटवर पाऊल टाकायचं. डोकंही चालवायचं आणि पायही.

दुसऱ्या गटाने डोकं चालवायचे खेळच खेळले, पण बसून, हाताने.

तिसऱ्या गटाला फक्त माहिती दिली.

खेळणाऱ्या दोन्ही गटांना आठवड्याला १२० मिनिटं खेळायला सांगितलं होतं, सलग वर्षभर. दर महिन्याला प्रत्येकाने आपण किती वेळा पडलो ते कळवायचं होतं.

वर्षाच्या शेवटी काय दिसलं? पावलं टाकून खेळणाऱ्या गटात पडण्याचं प्रमाण तिसऱ्या गटापेक्षा २६ टक्क्यांनी कमी होतं. म्हणजे जिथे शंभर वेळा पडणं झालं असतं, तिथे साधारण चौऱ्याहत्तर वेळा झालं. बसून खेळणाऱ्या गटात मात्र खात्रीने सांगता येईल असा फरक पडला नाही.

यातून आपण काय घ्यायचं?

पहिली गोष्ट. बसून मोबाईलवर गेम खेळल्याने पडणं थांबत नाही. उभं राहून पाऊल उचलावं लागतं.

दुसरी गोष्ट. पाय आणि डोकं एकत्र चालवायचं. ऐकायचं किंवा बघायचं, ठरवायचं, आणि मग पाऊल टाकायचं.

तिसरी गोष्ट. थोडं थोडं, पण नेमाने करायचं. १२० मिनिटं ऐकून घाबरू नका. रोज २० मिनिटं, आठवड्यातले सहा दिवस, झाले १२०. आपली बचतही अशीच आठवड्याच्या छोट्या हप्त्यांनी जमते ना? एकाच दिवशी दोन तास खेळून उपयोग नाही.

चौथी गोष्ट. नोंद ठेवायची. त्या अभ्यासात दर महिन्याला नोंद होती म्हणून फरक कळला.

आता तुम्ही म्हणाल, "आमच्याकडे कुठली मॅट आणि कुठला पडदा?" ती मॅट नसली तरी सराव अडत नाही. ताकद आणि तोल वाढवणाऱ्या साध्या व्यायामानेही पडणं कमी होतं, हे खूप आधीपासून माहीत आहे. २०१९ साली जगभरातले १०८ अभ्यास आणि त्यातली २३ हजारांहून जास्त माणसं एकत्र धरून हिशोब झाला. व्यायाम करणाऱ्यांमध्ये पडण्याचं प्रमाण साधारण २३ टक्क्यांनी कमी दिसलं. त्यातल्या बऱ्याच व्यायामांना यंत्र लागत नाही, खुर्ची आणि भिंत पुरते. खाली दिलेली खडूची चौकट म्हणजे सिडनीचा तो खेळ नव्हे. पण पाऊल, लक्ष आणि नेम या तिन्ही गोष्टी तिच्यात आहेत.

आधी तपासा, मग खेळा

पुढचं काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका : गेल्या काही महिन्यांत हाड मोडलंय किंवा ऑपरेशन झालंय, लकवा येऊन गेलाय, छातीत दुखतं, उभं राहिलं की घेरी येते, किंवा वर्षात दोनपेक्षा जास्त वेळा पडलेत.

बाकीच्यांसाठी दोन सोप्या चाचण्या करा. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेच्या पडण्याच्या तपासणीत त्या वापरतात. चाचणी करताना एक जण अगदी शेजारी उभी राहू द्या.

चाचणी १ : ऊठ आणि चाल. खुर्चीपासून दहा फुटांवर खडूने रेघ मारा. ज्येष्ठांनी खुर्चीतून उठायचं, नेहमीच्या चालीने रेघेपर्यंत जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. काठी वापरत असतील तर काठी घेऊनच. १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर पडायचा धोका आहे.

चाचणी २ : पावलापुढे पाऊल. एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या बोटांना लावून सरळ रेघेत उभं राहायचं. दहा सेकंद टिकलं नाही तर धोका जास्त आहे.

धोका दिसला म्हणून खेळ बंद ठेवायचा असं नाही. अशांनी आशाताईंना सांगावं, आरोग्य केंद्रात दाखवावं, आणि सुरुवात भिंतीला धरून पहिल्या पायरीपासूनच करावी.

अंगणातला खेळ : पाच घरांची चौकट

जागा सपाट आणि कोरडी निवडा. शेजारी भिंत किंवा ओसरीचा खांब हवा. खडूने पाच चौकोन आखा. एक मधे, एक पुढे, एक मागे, एक डावीकडे, एक उजवीकडे. प्रत्येक चौकोन साधारण फूटभर लांब-रुंद. गोणपाट किंवा चटई अंथरू नका, पाय सरकतो. अनवाणी खेळा, नाहीतर मागे पट्टा असलेली चप्पल घाला. स्लीपर नको, मोजे नकोत. लुगड्याचा घोळ वर खोचून घ्या.

एक जण पुकारा करणार. नातवंडांना हे काम द्या, ती खूश होतात. दुसरी मोठी व्यक्ती ज्येष्ठांच्या शेजारी, हात पोचेल इतक्या जवळ. हात धरून ओढायचं नाही, फक्त तयार राहायचं.

पहिली पायरी. मधल्या घरात उभं राहायचं, एक हात भिंतीला. "पुढे" म्हटलं की एक पाऊल पुढच्या घरात, परत मधे. "डावीकडे", "उजवीकडे" तसंच. मागचं घर पहिल्या आठवड्यात घ्यायचं नाही. मागे पाऊल टाकणं सगळ्यात अवघड असतं, ते शेवटी आणि भिंतीला धरूनच. सुरुवातीला पाच मिनिटं सकाळी, पाच मिनिटं संध्याकाळी. सोपं वाटायला लागलं की वेळ वाढवा.

दुसरी पायरी. घरांना पिकांची नावं द्या. पुढे ज्वारी, डावीकडे तूर, उजवीकडे कापूस, मागे हरभरा. आता दिशा सांगायची नाही, फक्त पिकाचं नाव घ्यायचं. ऐकून, आठवून पाऊल टाकावं लागतं. दर आठवड्याला नावं बदला : भाज्या, नातवंडांची नावं, शेजारची गावं.

तिसरी पायरी. लहानपणीचा "चिमणी उडाली, कावळा उडाला" आठवतो ना? तोच, पण बोटाऐवजी पावलाने. "चिमणी उडाली" म्हटलं की पुढे पाऊल. "पोपट उडाला", पाऊल. "म्हैस उडाली" म्हटलं की जागचं हलायचं नाही. उचलायला निघालेला पाय रोखणं, हेही डोक्याचं मोठं काम आहे. अचानक कोंबडी आडवी आली की हेच कामाला येतं.

चौथी पायरी. पावलं टाकता टाकता हिशोब. वीसपासून उलटं मोजा, किंवा बाजाराचा भाव विचारा. "दहा रुपयांची मेथी आणि पंधरा रुपयांचे टोमॅटो, किती झाले?" उत्तर द्यायचं आणि पाऊलही बरोबर पडलं पाहिजे.

प्रत्येक पायरीवर एका मिनिटात किती पावलं बरोबर पडली ते मोजा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. व्हिडिओ गेममध्ये जे गुण असतात ते हेच. काल अकरा, आज तेरा, हे बघितलं की उद्या पुन्हा खेळावंसं वाटतं.

घेरी आली, छातीत दुखलं, दम लागला, सांध्यात कळ आली तर लगेच थांबा आणि बसवा. भरल्या पोटी खेळू नका, उपाशीपोटीही नको. मधुमेहाची गोळी किंवा इंजेक्शन चालू असेल तर काहीतरी खाल्लेलं असलंच पाहिजे.

सोबत ताकदीचे तीन व्यायाम

उठबस : मजबूत खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. शक्य तितकं हाताचा आधार न घेता उठायचं, हळू बसायचं. पाच वेळांपासून सुरुवात करून दहापर्यंत जा. मांड्या बळकट होतात.

टाचा वर : भिंत धरून टाचा उचलायच्या, हळू टेकवायच्या. दहा वेळा.

बाजूने चालणं : भिंतीकडे तोंड करून, दोन्ही हात भिंतीवर. खेकड्यासारखं दहा पावलं डावीकडे, दहा उजवीकडे.

त्यांना तयार कसं करायचं?

हुकूम सोडून काम होत नाही. "तुम्ही पडाल म्हणून करा" असं म्हटलं की भीती वाढते. त्यापेक्षा असं बोलून बघा :

"आत्या, चला की अंगणात, पाच मिनिटं चौकट खेळू."

"मला काय लहान पोरगी समजलीस का गं?"

"तसं नाही ओ. पोरगा म्हणतोय, आजीला माझ्याइतकं जमणारच नाही. बघू तरी कोण जिंकतंय."

"त्याला म्हणावं, ये इकडे. लंगडीत मला गावात कुणी धरत नव्हतं."

झालं, काम सुरू. सासरे असतील तर त्यांच्या जोडीदारालाही बोलवा. एकट्याने कंटाळा येतो, दोघं असले की चढाओढ लागते.

खेळाला घराची साथ हवी

सराव कितीही केला आणि मोरीत शेवाळ तसंच राहिलं तर काय उपयोग? एकदा घर फिरून बघा. मोरी रोज घासा, धरायला पक्की दांडी किंवा पाईप बसवून घ्या. अंथरुणापासून शौचालयापर्यंत रात्री उजेड ठेवा, उशाशी टॉर्च ठेवा. उंबऱ्याला आणि पायरीच्या कडेला पांढरा पट्टा मारा. वाटेतली दोरी, वायर, पाट, कळशी उचला. डोळे तपासून घ्या, मोतीबिंदू असेल तर ऑपरेशन लांबवू नका. झोपेच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्यांनी घेरी येते का ते डॉक्टरांना विचारा, पण गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. सकाळी उठल्यावर एकदम उभं राहायचं नाही. आधी कुशीवर वळायचं, मग बसायचं, मिनिटभर थांबायचं, मग उभं राहायचं.

तरीही कुणी पडलं तर

काखेत हात घालून लगेच ओढून उभं करू नका. आधी विचारा, कुठे दुखतंय? खुबा दुखतोय, पाय बाहेर वळलाय किंवा आखूड दिसतोय, पायावर भार देता येत नाही, डोक्याला मार लागलाय, उलटी होतेय किंवा शुद्ध हरपलीय, यातलं काहीही असेल तर हलवू नका आणि १०८ ला फोन करा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डोक्याचा छोटा मारही दवाखान्यात दाखवा. चोळू नका, मालिश नको, हाड बसवणाऱ्याकडे नेऊ नका.

काही लागलेलं नसेल तर त्यांचं त्यांना उठू द्या. कुशीवर वळायचं, हात-गुडघ्यांवर यायचं, खुर्चीपर्यंत रांगत जायचं, खुर्चीला धरून एक पाय पुढे घ्यायचा आणि बसायचं. आणि नंतर रागावू नका. रागावलं की पुढच्या वेळी सांगणार नाहीत.

मदत कुठे मिळेल?

महाराष्ट्र शासनाने २०२४ साली सुरू केलेल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्या पात्र ज्येष्ठांना चष्मा, काठी, वॉकर, कमोड खुर्ची अशा साधनांसाठी एकदा ३,००० रुपये बँक खात्यात देण्याची तरतूद आहे. उत्पन्नाची अट आहे. अर्ज सध्या कुठे घेतात आणि कागद कोणते लागतात ते ग्रामपंचायतीत किंवा समाजकल्याण कार्यालयात विचारून घ्या. ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ ही मोफत हेल्पलाईनही आहे.

गटाने करायचं काम

१. सुरुवातीला वहीत लिहिलेला आकडा आठवा. आता गटाच्या वहीत एक पान "पडण्याची नोंद" म्हणून काढा. रकाने पाच : महिना, कोण पडलं, कुठे पडलं, काय लागलं, चौकट खेळतात का. दर बैठकीत भरा. माहिती गटातच ठेवा, गावभर चर्चा नको.

२. पुढच्या बैठकीआधी प्रत्येकीने घरातल्या किंवा शेजारच्या एका ज्येष्ठांच्या दोन्ही चाचण्या करून आणा.

३. एकट्या राहणाऱ्या आजी गावात असतातच. त्यांच्या अंगणात चौकट आखायला आणि आठवड्यातून तीनदा जाऊन खेळायला कोण जाणार, ते पाळी लावून ठरवा.

४. सहा महिन्यांनी नोंदीचं पान ग्रामसंघाच्या बैठकीत मांडा. पडणं कुठे जास्त होतंय, मोरीत की सार्वजनिक नळाच्या पायरीवर, ते दिसेल. नळाची पायरी असेल तर ग्रामसभेत विषय घेता येईल.

चर्चेसाठी प्रश्न

आपल्या घरातले ज्येष्ठ पडले तर आपल्याला सांगतात का? सांगत नसतील तर का?

बसून खेळलेल्या खेळाने फरक का पडला नसेल?

आपल्यातल्या किती जणींची पाळी थांबली आहे? त्यांनी स्वतः चौकट खेळायला कधीपासून सुरुवात करायची?

या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बैठकीतच द्या ताईंनो. सासूबाईंसाठी आखलेल्या चौकटीत रोज दहा मिनिटं आपणही उभं राहायचं. खडूचा एक तुकडा आजच जाताना घरी घेऊन जा.